कॅल्क्युलेटरचे प्रोग्राम बायनरीतून मजकुरात आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानाचा भर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लस या कॅल्क्युलेटरांवर आहे, कारण बहुतेक प्रश्न त्यांच्याबद्दलचेच असतात. एचपी-४१, एचपी-४२एस, एचपी-४८ आणि कॅसिओबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे. बाइटांचे सगळे आकडे नेहमीच्या दशमान पद्धतीत दिले आहेत. हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात) तेच आकडे सोळाच्या पायावर दिसतील, एवढं ध्यानात ठेवा.

मुळात हा खटाटोप कशासाठी?

कॅल्क्युलेटरमधला प्रोग्राम फार सहज मरतो म्हणून. टीआय-८३ प्लसमध्ये वापरायला मिळणारी रॅम जेमतेम २४ केबी. एखादा प्रोग्राम बिघडला, बॅटऱ्या बदलताना वेळ गेला किंवा परीक्षेआधी शिक्षकांनी मेमरी पुसायला लावली, की तिथलं सगळं जातं. अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या मुलांच्या मराठी घरांत हा अनुभव नवा नाही. महाराष्ट्रात परीक्षेला बहुधा प्रोग्राम न करता येणारा कॅल्क्युलेटरच चालतो, त्यामुळे आपल्याकडे ही यंत्रं दिसतात ती परदेशातून शिकून परतलेल्यांकडे किंवा जुन्या सर्वेक्षकांच्या आणि इंजिनिअरांच्या कपाटात.

बायनरी फाईलची प्रत संगणकावर ठेवली तर प्रोग्राम वाचतो, हे खरं. पण ती फाईल फक्त त्या यंत्राला कळते. वीस वर्षांनी कुणाला त्यातलं सूत्र तपासायचं असेल, दोन आवृत्त्यांमधला फरक बघायचा असेल किंवा तोच हिशेब दुसऱ्या भाषेत लिहायचा असेल, तर माणसाला वाचता येणारा मजकूर लागतो. म्हणून दोन्ही ठेवा: मूळ बायनरी जशीच्या तशी आणि तिच्या शेजारी मजकूर. आणि त्या मजकुरातून पुन्हा तीच बायनरी तयार होते का, हे एकदा पडताळून बघा. या पडताळणीशिवाय केलेलं रूपांतर मी पुरं झालेलं मानत नाही. का, ते पुढे येईलच.

‘मजकुरात आणणं’ म्हणजे बेस-६४ का?

नाही, आणि इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. बेस-६४ किंवा जुन्या काळचं यूयूएनकोड हे बायनरीला साध्या अक्षरांचं वेष्टन घालतात. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे फाईल साधारण एक तृतीयांशाने फुगते. ईमेलने सुखरूप पोचावी म्हणून ही सोय. उघडून वाचायला गेलं तर काहीच कळत नाही.

इथे आपण बोलतोय ते लिस्टिंगबद्दल: प्रोग्रामच्या आज्ञा ओळीने लिहिलेल्या, कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर दिसतात तशा. वेष्टन घालायला फाईलच्या आत काय आहे हे माहीत असावं लागत नाही. लिस्टिंग काढायला ते माहीत असावंच लागतं.

टीआयच्या प्रोग्रामची ८एक्सपी फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर कचरा का दिसतो? प्रोग्राम तर मी अक्षरं टाइप करूनच लिहिला होता.

तुम्ही अक्षरं टाइप केली असं वाटतं, पण तसं झालेलं नसतं. टीआय-८३ प्लसवर ‘डिस्प’ ही आज्ञा तुम्ही मेनूतून निवडता आणि मेमरीत एकच बाइट जातो: २२२. पडद्यावर दिसणारी चार अक्षरं आणि त्यांच्यामागची मोकळी जागा त्या एका बाइटाची असते. अशा बाइटाला टोकन म्हणतात. जागाही वाचते आणि चालवताना शब्द ओळखत बसावं लागत नाही. साध्या, जेमतेम गतीच्या प्रोसेसरला हे सोयीचं.

नोटपॅड मात्र प्रत्येक बाइट आपल्या अक्षरतक्त्यातून वाचतो. २२२ या जागी त्याच्या तक्त्यात युरोपातल्या कुठल्या तरी भाषेचं अक्षर असतं, तेच दाखवतो. इंग्रजी मोठी अक्षरं आणि अंक तेवढे ओळखीचे दिसतात, कारण त्यांचे आकडे दोन्ही तक्त्यांत सारखेच आहेत: ‘ए’ ६५, ‘बी’ ६६, शून्य ४८.

नुसती उघडून बघितलीत तर काही बिघडत नाही. पण ‘सेव्ह’ मात्र करू नका.

फाईलच्या आत नेमकं काय कुठे असतं?

टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लसची फाईल अशी रचलेली असते. सुरुवातीचे ५५ बाइट हा मथळा. त्यात पहिले ८ बाइट ओळखीचे: दोन तारका, मग ‘टीआय८३एफ’ ही पाच अक्षरं, मग आणखी एक तारका. टीआय-८४ प्लसच्या फाईलवरही ८३ च लिहिलेलं असतं, त्याने गोंधळू नका. त्यामागे २६, १० आणि ० हे तीन बाइट. मग ४२ बाइटांची टिप्पणी, जिच्यात बहुधा फाईल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव असतं. शेवटच्या दोन बाइटांत पुढच्या माहितीची लांबी.

ते २६, १०, ० विचारपूर्वक ठेवल्यासारखे आहेत. डॉसमध्ये २६ म्हणजे फाईल संपली. त्यामुळे कुणी ती फाईल पडद्यावर छापायला सांगितली तर ओळख तेवढी दिसते आणि छपाई थांबते. आणि १० म्हणजे ओळ बदलण्याची खूण. फाईल चुकून मजकूर समजून पाठवली गेली तर विंडोजकडे येताना त्या १० चे १३ आणि १० असे दोन बाइट होतात. मग मथळा एका बाइटने लांबतो आणि फाईल नासल्याचं पहिल्या अकरा बाइटांतच कळतं.

मथळ्यानंतर प्रोग्रामची नोंद सुरू होते. पहिले दोन बाइट १३ आणि ०. मग दोन बाइटांत माहितीची लांबी. मग एक बाइट प्रकाराचा: साधा प्रोग्राम ५, संपादनाला कुलूप लावलेला ६. मग नावाचे ८ बाइट, नाव छोटं असेल तर उरलेल्या जागी शून्यं. त्यानंतर आवृत्तीचा एक बाइट, प्रोग्राम आर्काइव्हमध्ये (बॅटरी गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) आहे की रॅममध्ये ते सांगणारा एक बाइट आणि पुन्हा तीच लांबी दोन बाइटांत. इथवर १७ बाइट होतात. यानंतर टोकनांची लांबी दोन बाइटांत, आणि मग टोकनं.

सगळ्यात शेवटी दोन बाइटांचा चेकसम: मथळ्यानंतरच्या सगळ्या बाइटांची बेरीज, दोन बाइटांत मावेल तेवढी. दोन बाइटांचा कुठलाही आकडा इथे लहान बाजू आधी, मोठी नंतर असा लिहितात. म्हणजे आधीचा बाइट अधिक नंतरचा गुणिले २५६.

शून्यापासून मोजलं तर टोकनांची लांबी ७२ व्या जागी आणि पहिलं टोकन ७४ व्या जागी सापडतं. हे दोन आकडे पाठ करून ठेवण्यासारखे आहेत.

एखादा छोटा प्रोग्राम पूर्ण उलगडून दाखवाल का?

जरूर. नाव ‘एसक्यू’, काम एवढंच की संख्या विचारायची, तिचा वर्ग करायचा आणि दाखवायचा:

प्रॉम्प्ट ए
ए²→बी
डिस्प बी

फाईलमध्ये ५३ व्या जागेपासून शेवटपर्यंत हे बाइट सापडतील:

२९ ०
१३ ० १२ ० ५
८३ ८१ ० ० ० ० ० ०
० ० १२ ०
१० ०
२२१ ६५ ६३
६५ १३ ४ ६६ ६३
२२२ ६६
४० ४

वरून वाचत या. २९ ही पुढच्या माहितीची लांबी. १३ नोंदीची खूण, १२ प्रोग्रामच्या माहितीची लांबी, ५ म्हणजे साधा प्रोग्राम. ८३ आणि ८१ ही नावाची दोन अक्षरं, पुढे सहा शून्यं. मग आवृत्ती शून्य, आर्काइव्ह नाही म्हणून पुन्हा शून्य, आणि परत १२. त्यापुढचे १० म्हणजे टोकनं दहा बाइटांची.

आता प्रोग्राम. २२१ म्हणजे ‘प्रॉम्प्ट’, ६५ ‘ए’, ६३ नवी ओळ. मग ‘ए’, १३ म्हणजे वर्गाची खूण, ४ म्हणजे साठवण्याचा बाण, ६६ ‘बी’, नवी ओळ. मग २२२ ‘डिस्प’ आणि ‘बी’. शेवटच्या ओळीनंतर ६३ नाही, हे बघा. ओळ बदलण्याची खूण दोन ओळींच्या मध्ये असते, प्रत्येक ओळीच्या शेवटी नाही. मजकूर फाईलच्या शेवटी एक रिकामी ओळ राहिली तर परत बायनरी करताना एक जादा बाइट येतो तो इथूनच.

चेकसम पडताळा. १३ पासून शेवटच्या ६६ पर्यंतच्या २९ बाइटांची बेरीज १०६४ येते. ती ४ गुणिले २५६ अधिक ४०, म्हणून फाईलच्या शेवटी ४० आणि ४. अख्खी फाईल ८६ बाइटांची: ५५ मथळा, २९ माहिती, २ चेकसम. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा करून बघा. पुढच्या सगळ्या अडचणी त्याने सोप्या होतात.

माझ्या रूपांतरात मध्येच भलतेच बाण आणि उणे चिन्हं येतात. काय चुकतंय?

दोन बाइटांची टोकनं. एका बाइटात २५६ च आकडे मावतात आणि आज्ञा त्याहून कितीतरी जास्त आहेत. म्हणून काही आकडे ‘पुढचा बाइटही माझाच’ असं सांगणारे राखून ठेवले आहेत. ते अकरा आहेत: ९२, ९३, ९४, ९६, ९७, ९८, ९९, १२६, १७०, १८७ आणि २३९. मॅट्रिक्स ९२ ने सुरू होतात, याद्या ९३ ने, स्ट्रिंगची (अक्षरांच्या साखळीची) चलं १७० ने, इंग्रजी छोटी अक्षरं १८७ ने. २३९ हा टीआय-८४ प्लसच्या नव्या आज्ञांसाठी पुढे घेतला गेला. जुन्या तक्त्यांत तो नसतो.

पाचवी यादी ९३, ४ अशी लिहिली जाते. तुमच्या रूपांतरकाला ९३ चं वेगळेपण माहीत नसेल तर तो पुढचा ४ सुटा वाचतो, आणि सुटा ४ म्हणजे साठवण्याचा बाण. तसंच छोटं ‘ए’ हे १८७, १७६. सुटा १७६ म्हणजे ऋण चिन्ह. म्हणून स्ट्रिंगमध्ये छोट्या अक्षरांत लिहिलेलं काही असलं की तिथे अशी चिन्हं उगवतात. लिस्टिंगमध्ये बाण विचित्र जागी दिसला तर आधी त्याच्या अलीकडचा बाइट बघा.

ऋण चिन्ह आणि वजाबाकीचं चिन्ह वेगळं कशाला ठेवायचं? दोन्ही एकच तर आहेत.

कॅल्क्युलेटरला ती एक नाहीत. वजाबाकी ११३, ऋण १७६, आणि कळाही दोन. मजकुरात दोन्हींना साधी आडवी रेघ दिली की वाचणाऱ्याला बहुतेकदा अर्थ कळतो, पण परत बायनरी करताना रूपांतरकाला अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला की कॅल्क्युलेटर सिंटॅक्स एरर दाखवतो. युनिकोडमध्ये वर चढवलेली उणे खूण आहे (⁻), ती ऋणासाठी वापरा.

असाच सापळा दहाच्या घातांकाचा. १ई५ मधला ‘ई’ हे स्वतंत्र टोकन आहे, आकडा ५९. ‘ई’ हे चल म्हणजे ६९. मजकुरात दोन्हींसाठी एकच अक्षर ठेवलं आणि परत येताना ते ६९ झालं, तर यंत्र त्याचा अर्थ एक गुणिले ‘ई’ गुणिले पाच असा लावतं. इथे एरर येत नाही. चुकीचं उत्तर येतं. पूल बांधणाऱ्याच्या किंवा जमीन मोजणाऱ्याच्या हातात तो प्रोग्राम असेल तर हे किती महाग पडेल, याचा विचार करा.

फाईल यूटीएफ-८ (युनिकोडची साठवण पद्धत) मध्येच सेव्ह करा. विंडोजच्या जुन्या अक्षरतक्त्यात → हे चिन्हच नाही. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि मग तिथे काय होतं ते त्या फाईलवरून कुणालाच सांगता येत नाही.

बायनरी, मग मजकूर, मग परत बायनरी असं केल्यावर फाईल हुबेहूब तीच यायला हवी ना?

यायला हवी, पण नेहमी येत नाही, आणि ती का आली नाही हे शोधण्यातच रूपांतर तपासलं जातं.

पहिलं कारण निरुपद्रवी. मथळ्यातली ४२ बाइटांची टिप्पणी बदलते. ती सोडून द्या आणि ५३ व्या जागेपासून तुलना करा.

दुसरं कारण खरं महत्त्वाचं. अवतरण चिन्हांत ‘साइन’ आणि उघडणारा कंस लिहिला असेल तर तो दोन प्रकारांनी लिहिलेला असू शकतो. कुणी साइनची कळ दाबली असेल, तर ते एक टोकन, आकडा १९४. कुणी छोटी अक्षरं एकेक करून टाकली असतील, तर तीन अक्षरांचे सहा बाइट आणि कंसाचा एक असे सात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं आणि मजकुरातही. पण स्ट्रिंगची लांबी सांगणारी आज्ञा टोकनं मोजते, अक्षरं नाही. पहिल्या प्रकारात ती १ सांगेल, दुसऱ्यात ४. स्ट्रिंगचे तुकडे करून चालणाऱ्या प्रोग्राममध्ये हा फरक सगळंच बदलून टाकतो.

चांगली साधनं यावर उपाय देतात. शब्द टोकन म्हणून घ्यायचा की सुटी अक्षरं म्हणून, हे मजकुरातच एखाद्या खुणेने नोंदवता येतं. तुमच्या साधनाची खूण कोणती ते त्याच्या मदत-पानावर बघा आणि मजकूर फाईलच्या शेजारी लिहून ठेवा.

तयार साधनं कोणती?

नुकतीच सुरुवात असेल आणि एक-दोनच फाईली असतील, तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं स्वतःचं टीआय कनेक्ट सीई पुरेसं आहे. त्याच्या प्रोग्राम एडिटरमध्ये फाईल उघडायची आणि मजकूर कॉपी करायचा. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर सीमेटेक या संकेतस्थळाचं सोर्सकोडर ब्राउझरमध्येच चालतं. विंडोजवर टोकनआयडीई आहे, आणि तिचा टोकनांचा तक्ता उघडून वाचता येतो ही तिची मोठी जमेची बाजू. शेकड्याने फाईली असतील तर टीव्हार्स नावाच्या मुक्त लायब्रऱ्या घ्या, सी++ आणि पायथन दोन्हींत मिळतात. माझी पसंती याच मार्गाला, कारण शंका आली की कोड उघडून बघता येतो.

टीआयकॅल्क हे संकेतस्थळ १९९६ पासून प्रोग्राम साठवत आलंय. सरावासाठी फाईली हव्या असतील तर तिथे भरपूर आहेत.

स्वतःच रूपांतरक लिहायचा असेल तर?

लिहा. शिकणाऱ्यासाठी हा उत्तम सराव आहे आणि एका दुपारचं काम आहे. पायथनमध्ये फाईल बायनरी पद्धतीने उघडा. ओळख जुळते का बघा, चेकसम जुळतो का बघा, आणि दोन्हींपैकी एक जरी जुळलं नाही तरी थांबा. ७२ आणि ७३ या जागांवरून लांबी घ्या. ७४ पासून एकेक बाइट वाचा. तो त्या अकरांपैकी असेल तर पुढचाही घ्या. मग तक्त्यात शोधा.

सगळ्यात महत्त्वाचं: तक्त्यात टोकन सापडलं नाही तर ते गाळू नका. त्याचा आकडा चौकटी कंसात मजकुरात लिहा. गाळलेलं टोकन पुन्हा कधीच सापडत नाही. लिहून ठेवलेला आकडा उद्या ओळखता येतो.

काही फाईलींतून निव्वळ निरर्थक टोकनं निघतात. फाईल खराब आहे का?

टोकनांची सुरुवात १८७, १०९ अशी असेल तर फाईल ठणठणीत आहे. तो बेसिक प्रोग्रामच नाही, झेड८० प्रोसेसरचा मशीन कोड, म्हणजे थेट प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना आहेत. टीआय-८४ प्लस सीईवर हीच खूण २३९, १२३ अशी येते, आणि प्रोसेसर ईझेड८०. अशा फाईलीला टोकनांचा तक्ता लावून काही हाती लागणार नाही, त्या सूचना वाचता येतील अशा लिहून देणारा डिसअसेंबलर लागतो. आणि त्यातून मिळतो तो मूळ लेखकाचा मजकूर नसतो. त्याने दिलेली नावं आणि टिपा असेंबल करतानाच गेलेल्या असतात. सूचनांची यादी तेवढी मिळते.

टीआय-८३ प्लसवर मशीन कोड हेक्स अंकांत, मजकूर म्हणून टाइप करण्याची सोयही होती. पहिल्या ओळीत ‘एएसएम प्रोग्राम’ हे टोकन द्यायचं आणि खाली अंकांच्या जोड्या. परत फिरण्याची सूचना ‘सी९’, असं. प्रत्येक बाइटाला दोन अक्षरं, म्हणजे दुप्पट जागा. नंतर यंत्रातल्याच एका आज्ञेने त्याची बायनरी करून घेता येत असे. संगणक आणि केबल नसलेली मुलं मासिकात छापलेले असे अंक बोटांनी भरू शकत, आणि तोही मजकूरच.

कुलूप लावलेल्या प्रोग्रामची लिस्टिंग निघते का?

निघते. ५९ व्या जागी ५ ऐवजी ६ असतो, एवढंच ते कुलूप. टोकनं तशीच असतात, गुप्त काही केलेलं नसतं. मात्र प्रोग्राम दुसऱ्याचा असेल तर त्याला विचारा आणि लिस्टिंग पुढे देताना त्याचं नाव ठेवा.

एचपी-४१ आणि एचपी-४२एसच्या रॉ फाईलींचं काय?

एचपी-४१सी १९७९ चा, एचपी-४२एस १९८८ चा. रॉ फाईल म्हणजे प्रोग्रामचे नुसते बाइट. तिला मथळा नाही, चेकसम नाही. पहिल्या बाइटापासून प्रोग्रामच सुरू. त्यामुळे वाचायला सोपी, पण बिघडली तर सांगणारं कुणी नाही.

इथे संख्या अंकाअंकाने लिहिली जाते. शून्य ते नऊ हे १६ ते २५, दशांश चिन्ह २६. म्हणजे १२.५ ही संख्या १७, १८, २६, २१. बेरीज ६४, वर्ग ८१, परत फिरणं १३३. आता सापळा. एका ओळीत १२ आणि पुढच्या ओळीत ५ असेल, तर मध्ये एक शून्य बाइट असतो: १७, १८, ०, २१. शून्य म्हणजे रिकामं असं समजून रूपांतरकाने तो टाकून दिला, तर त्या दोन ओळींची एकच होते आणि संख्या १२५. शून्यं गाळणारं कुठलंही साधन वापरू नका.

एचपी-४२एसमध्ये आणखी एक अडचण आहे. त्याला इन्फ्रारेडने प्रिंटरकडे छापता येतं, पण बाहेरून काही आत घेता येत नाही. मूळ यंत्रात प्रोग्राम हातानेच भरावा लागतो, म्हणून त्याच्या बाबतीत स्वच्छ लिस्टिंगला पर्यायच नाही. थॉमस ओकेन यांचं फ्री४२ रॉ फाईल उघडतं आणि त्यातून प्रोग्राम मजकूर म्हणून कॉपी करता येतो. अलीकडच्या आवृत्त्यांत मजकूर पेस्ट करून प्रोग्रामही तयार होतो. उलटसुलट पडताळणीसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

एचपी-४८ वर पाठवलेली फाईल अक्षरांची स्ट्रिंग होऊन बसते आणि तिच्या सुरुवातीला ‘एचपीएचपी४८’ दिसतं. प्रोग्राम कुठे गेला?

प्रोग्राम त्या स्ट्रिंगच्या आतच आहे. ‘एचपीएचपी४८’ आणि रॉमच्या आवृत्तीचं अक्षर हा बायनरी फाईलचा मथळा. यंत्राने तो ओळखला की ते मथळा काढून आतली वस्तू घेतं. फाईल मजकूर म्हणून पाठवली गेली किंवा तिला शेवटी जादा बाइट चिकटले, की ओळख पटत नाही आणि सगळं स्ट्रिंग होऊन पडतं. कर्मिटमध्ये (संगणक आणि कॅल्क्युलेटर यांच्यात फाईली पाठवण्याच्या पद्धतीत) दोन्ही बाजूंना बायनरी लावून पुन्हा पाठवा.

मजकुरासाठी एचपी-४८ ची स्वतःची पद्धत आहे आणि ती फार विचारपूर्वक केलेली आहे. कर्मिटला आस्की, म्हणजे साधा मजकूर, लावून प्रोग्राम संगणकाकडे पाठवला की यंत्रच लिस्टिंग देतं. पहिल्या ओळीत दोन टक्के-चिन्हं, ‘एचपी’ आणि तीन नोंदी असतात: अक्षरांचं रूपांतर कुठल्या पद्धतीने केलं, कोन अंशात की रेडियनमध्ये, दशांशासाठी टिंब की स्वल्पविराम. कीबोर्डवर नसलेली चिन्हं उलट्या तिरक्या रेघेने लिहितात. बाणासाठी ती रेघ, मग आडवी रेघ आणि मोठेपणाची खूण. ती पहिली ओळ कधीही काढू नका. ती काढली तर टिंबाला टिंब मानायचं की नाही, हे वाचणाऱ्या यंत्रावर अवलंबून राहतं.

ज्या वस्तूंची लिस्टिंग निघत नाही त्यांच्यासाठी हेक्स अंकांची लांबलचक स्ट्रिंग वापरतात. या यंत्रातला सॅटर्न प्रोसेसर चार-चार बिटांनी मोजतो आणि पत्ता उलट्या क्रमाने लिहितो. प्रोग्रामची खूण ०२डी९डी, स्ट्रिंगमध्ये ती डी९डी२० अशी दिसते. सुरुवात अशी असेल तर आत प्रोग्राम आहे.

कॅसिओ? टीआय-८९? पायथनवाले नवे टीआय?

कॅसिओ एफएक्स-९८६०जीच्या जी१एम फाईलींत मथळ्याचे बाइट उलटे केलेले असतात. २५५ मधून वजा केले की ‘यूएसबीपॉवर’ ही अक्षरं दिसतात. टीआय-८९ वर प्रोग्राम संपादित केल्यावर आधी मजकूर म्हणूनच राहतो आणि पहिल्यांदा चालवल्यावर त्याची टोकनं होतात, म्हणून एकाच प्रोग्रामच्या दोन तऱ्हेच्या फाईली मिळू शकतात. टीआय-८४ प्लस सीई पायथनची स्क्रिप्ट ८एक्सव्ही फाईलमध्ये छोट्या मथळ्यानंतर साध्या मजकुरातच असते. तिथे तक्ताच लागत नाही.

गिटमध्ये (फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ८एक्सपी ठेवली तर ती बिघडेल का?

सहसा नाही. गिट फाईलच्या सुरुवातीच्या भागात शून्य बाइट शोधतो आणि तो या मथळ्यातच असतो, म्हणून फाईल बायनरी ठरते. एचपीच्या छोट्या रॉ फाईलीत मात्र एकही शून्य नसू शकतं. मग ओळी बदलण्याची सेटिंग चालू असेल तर बाइट बदलतात. तेव्हा या सगळ्या प्रकारांना बायनरी म्हणून आधीच नोंदवा.

लिस्टिंगमध्ये मराठीत टिपा लिहिता येतील का?

मजकूर फाईलमध्ये हवं ते लिहिता येतं, पण कॅल्क्युलेटरच्या तक्त्यात देवनागरी नाही, त्यामुळे टिपा आत जाणार नाहीत. टीआय बेसिकमध्ये टिपेसाठी वेगळी आज्ञाही नाही. काही जण अवतरण चिन्हाने सुरू होणारी सुटी ओळ लिहून टीप ठेवतात. ते टाळा. अशी ओळ चालली की ‘अँस’ मध्ये, म्हणजे शेवटचं उत्तर राहतं त्या चलात, तीच स्ट्रिंग जाते आणि पुढची ओळ आधीच्या उत्तरावर अवलंबून असेल तर प्रोग्राम कोलमडतो. मराठी टिपा लिस्टिंगशेजारी वेगळ्या फाईलमध्ये ठेवा: कुठलं चल काय धरतं, कुठल्या एककात, सूत्र कुठून घेतलं. ‘ए’ म्हणजे क्षेत्रफळ की कोन, हे कुठलाही रूपांतरक सांगू शकत नाही.

केबलच नाही. पडद्यावर दिसतो तेवढाच प्रोग्राम आहे. काय करू?

टीआय-८४ प्लसला मिनी-यूएसबी चालते, ती जुन्या कॅमेऱ्यांबरोबर यायची, घरात शोधा. टीआय-८३ प्लसला २.५ मिमीच्या जॅकची खास लिंक केबल लागते. ती मिळालीच नाही तर संपादनात प्रोग्राम उघडून पडद्याचे फोटो काढत खाली जा, दर फोटोत आधीच्या फोटोची शेवटची ओळ येऊ द्या. पडदा १६ अक्षरं रुंद आहे, लांब ओळ खाली वळते. खऱ्या ओळीच्या सुरुवातीला विसर्गासारखी दोन टिंबं असतात, वळलेल्या भागाला नसतात. ओळी त्यावरून जोडा.

फोटोवरून उतरवताना शून्य आणि ‘ओ’, ऋण आणि वजाबाकी, घातांकाचा ‘ई’ आणि चल ‘ई’ पुन्हा पुन्हा बघा. उतरवून झाल्यावर तोच प्रोग्राम त्याच कॅल्क्युलेटरमध्ये तेवढ्याच अक्षरांच्या दुसऱ्या नावाने हाताने भरा आणि मेमरीच्या यादीत दोघांचे बाइट ताडून पाहा. आकडा एकाने जरी वेगळा आला तरी कुठे तरी एक टोकन कमी-जास्त झालंय. आकडे जुळले तर दोन्ही प्रोग्रामांना तीच संख्या देऊन उत्तरं बघा, एकदा धन आणि एकदा ऋण.